द्राक्षबागेवर मुक्कामी राहणारी टोळी: निवाऱ्याची जबाबदारी कोणाची आणि किती?

प्रश्न: दिंडोरीचा बागायतदार

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात माझी ७ एकर द्राक्षबाग आहे. त्यातील ४ एकरांचा माल निर्यातीला जातो. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी), पेस्ट (डोळे फुटण्यासाठी औषध लावणे), विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) आणि शेवटी खुडा (काढणी) ही सगळी कामे सुरगाण्याकडून येणारी टोळी एकरी ठेक्याने करते. टोळीत २२ माणसे आहेत. त्यांपैकी ६ जण सीमेपलीकडच्या, गुजरातमधील डांग जिल्ह्यातले, बाकीचे आपल्याच जिल्ह्यातले. सोबत ७-८ लहान मुले असतात. मुक्काम माझ्या शेतावर असतो, पण टोळी माझ्यासह शेजारच्या आणखी चौघांच्या बागांत काम करते.

आजवर ही माणसे शेडच्या एका बाजूला झोपत आली. दुसऱ्या बाजूला औषधे, गंधकाची पोती आणि फवारणीचा पंप असतो आणि मध्ये एक पत्रा. मी हे कधी वावगे मानले नाही, कारण माझ्या वडिलांच्या काळी तर टोळ्या बांधावर पाल ठोकून राहत. गेल्या हंगामात मात्र दोन गोष्टी घडल्या. टोळीतील एक ६ वर्षांची मुलगी शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घसरली. काठावरून आत सोडलेला पाइप हाती लागला म्हणून वाचली. त्यानंतर पंधरा दिवसांनी प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी आलेल्या निरीक्षकांनी मजुरांच्या राहण्याच्या जागेविषयी लेखी शेरा मारला. त्या शेऱ्यापेक्षा त्या मुलीच्या आईचा चेहरा मला अधिक आठवतो, हे येथे लिहायला संकोच वाटत नाही.

माझे विचारणे असे की, शेतमजुरांच्या निवाऱ्याबाबत कायदा नेमके काय सांगतो, जबाबदारी मुकादमाची की माझी, आणि माणसे झोपतात माझ्याकडे व काम करतात पाच जणांकडे, अशा स्थितीत मालक कोणाला म्हणायचे? खर्चाला मर्यादा आहेच. पण पुढच्या छाटणीच्या आत जे करणे अत्यावश्यक आहे ते करण्याची तयारी आहे.

उत्तर १: कामगार कार्यालयातून निवृत्त

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण नोकरीच्या काळात हा प्रश्न बागायतदाराकडून आलेला मी पाहिला नाही; तो नेहमी अपघातानंतर, दुसऱ्या कोणाकडून येत असे.

कायद्याची स्थिती समजून घेताना थोडा संयम ठेवावा लागेल. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यातून आणलेले ५ किंवा अधिक कामगार असले की कलम १६ नुसार त्यांना योग्य निवास, मोफत वैद्यकीय सोय आणि संरक्षक कपडे देणे ठेकेदारावर बंधनकारक होते. ठेकेदाराने ते केले नाही, तर कलम १८ नुसार ती जबाबदारी मुख्य मालकावर येत असे; मालकाने आधी सोय करायची आणि खर्च नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. म्हणजे आपले डांगचे ६ जण त्या कायद्याच्या संख्येत बसत होते. शेतावर तो कायदा लावल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात क्वचितच आली, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. संहितेने व्याख्या एका बाजूने रुंद केली: ठेकेदाराशिवाय स्वतःहून आलेला किंवा मालकाने थेट ठेवलेला परराज्यातील कामगारही, वेतनाच्या ठरावीक मर्यादेत, तिच्यात येतो. दुसऱ्या बाजूने संख्येची अट ५ वरून १० वर गेली, आणि स्थलांतरितांसाठीच्या प्रकरणात ‘कामाची योग्य परिस्थिती’ हे शब्द राहिले, पण निवासाचा जो स्पष्ट उल्लेख जुन्या कलमात होता तो राहिला नाही. आपले ६ जण अशा रीतीने दोन्हीकडून निसटले. सुरगाण्याचे १६ जण तर कधी मोजलेच गेले नव्हते, कारण त्यांनी राज्याची सीमा ओलांडलेली नाही. डांगमधल्या वघईहून आलेला आणि सुरगाण्याहून आलेला मजूर एकाच पत्र्याखाली झोपतो, एकाच हंड्यातले पाणी पितो. कायद्याला मात्र त्यांच्यातला एकच दिसत होता, आणि आता तोही दिसेनासा झाला.

इतर दारे ठोठावून पाहिली तरी फारसे हाती लागत नाही. मळ्यांसाठीचा १९५१ चा कायदा घरे बांधून देण्याची सक्ती करत होता, पण तो चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलदोडा यांच्यासाठी होता. द्राक्षाचे नाव त्यात नाही. बांधकाम मजुरांना १९९६ च्या कायद्यातील कलम ३४ ने तात्पुरते निवास मोफत देण्याची तरतूद केली. म्हणजे आपल्याच गावात पॅकहाऊस बांधायला आलेल्या मजुराला निवाऱ्याचा हक्क होता आणि त्या पॅकहाऊसमध्ये भरायची द्राक्षे खुडणाऱ्याला नव्हता.

मात्र यावरून ‘जबाबदारीच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. फवारणीच्या कामातील मजूर १९२३ च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट होता आणि तो विषय आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. कीटकनाशक नियम १९७१ मध्ये साठवण, संरक्षक कपडे, प्रथमोपचार आणि रिकाम्या डब्यांची विल्हेवाट यांविषयी तरतुदी आहेत. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेथे टोळीत किती माणसे होती असे कोणी विचारत नाही. खोली बांधण्यास जमिनीची अडचण येईल अशीही भीती अनेकांना असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील शेतघराच्या व्याख्येत कुटुंबीयांबरोबर नोकरांचे राहणेही धरलेले आहे. नाशिक महानगर प्रदेशाच्या हद्दीत असाल तर परवानगीची चौकशी आधी करावी, एवढेच.

मुकादमाविषयी: बहुतेक मुकादम हे स्वतः छाटणी करणारे, टोळीतल्याच कोणाचे तरी मामा किंवा मेहुणे असतात. त्यांच्याकडे परवाना नसतो आणि चार खोल्या बांधण्याइतके भांडवलही नसते. त्यांच्यावर जबाबदारी ढकलणे कागदावर शोभते. त्यापेक्षा पाचही बागायतदारांनी साध्या कागदावर लिहून घ्यावे की निवाऱ्याचा खर्च ज्याच्या त्याच्या एकरांच्या प्रमाणात वाटला जाईल. मुक्काम आपल्याकडे असल्याने जागेची सुरक्षितता आपली. कामाच्या वेळची सुरक्षितता ज्याच्या बागेत काम चालू आहे त्याची.

उत्तर २: निफाडकर

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे, परंतु ज्याची बाग ७ एकर आहे त्याने किती जणांचे पालकत्व घ्यायचे, हाही प्रश्न आहे. अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात, व्यापारी पैसे बुडवून जातो, आणि वर्षाच्या शेवटी हातात काय राहिले हे बँकेला आमच्याआधी कळते. मी २०१६ मध्ये दोन खोल्या बांधून दिल्या होत्या. टोळीने त्यांत सामान ठेवले आणि माणसे बाहेर अंगणात झोपली. त्यांना मोकळ्यावर राहायची सवय असते असे माझे मत झाले आहे. शिमगा आला की ऐन खुड्यात टोळी गावाला निघून जाते, तेव्हा आमचा विचार कोण करतो?

तरी शेततळ्याला कुंपण असावे, याबाबत दुमत नाही. ते मी केले आहे.

उत्तर ३: शेतमाल प्रमाणीकरण सल्लागार

निरीक्षकांच्या शेऱ्यापासून सुरुवात करतो. ग्लोबल गॅप या निर्यातीसाठीच्या शेती-प्रमाणपत्राच्या निकषांत शेतावर राहणाऱ्या मजुरांची जागा राहण्यायोग्य असावी, तिला पक्के छप्पर, खिडक्या आणि दारे असावीत, पिण्याचे पाणी, शौचालय व सांडपाण्याची सोय असावी, असा मुद्दा आहे. मजुरांच्या सामाजिक स्थितीची ‘ग्रास्प’ नावाची तपासणी वेगळी असते आणि युरोपातील अनेक खरेदीदार ती मागतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधक औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हापासून आपण मण्यातील अंश फार काटेकोरपणे मोजायला शिकलो. पण तेच औषध ज्या भिंतीपलीकडे ठेवले आहे त्या भिंतीला डोके टेकवून कोण झोपते, हे ग्रेपनेटच्या (निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदीत कुठेच येत नाही.

‘राहण्यायोग्य’ म्हणजे किती, हे आपल्याकडे आकड्यांत लिहिलेले नसल्याने मी बागायतदारांना अमेरिकेतील तात्पुरत्या मजूर वस्त्यांच्या केंद्रीय नियमांचे आकडे मोजपट्टी म्हणून देतो. ते येथे बंधनकारक नाहीत, पण डोक्यात चित्र उभे करायला उपयोगी पडतात. झोपण्याच्या खोलीत माणशी किमान ५० चौरस फूट जागा, छताची उंची किमान ७ फूट, खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक दशांश आणि त्यातील निम्मे उघडता येणारे. १५ माणसांमागे एक शौचालय, पण एकूण दोनपेक्षा कमी नाही. १० माणसांमागे एक न्हाणी. खड्ड्याचे शौचालय झोपण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या खोलीपासून १०० फूट दूर. आपल्या २२ जणांसाठी हिशेब ११०० चौरस फूट, दोन शौचालये आणि तीन न्हाण्या असा येतो. हे एका हंगामात होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. माझ्या मते पहिले काम बांधकामाचे नाहीच. ते सामान हलवण्याचे आहे. माणसांसाठी नवी खोली बांधण्याआधी औषधे दुसरीकडे न्या. औषधांना छोटी, कोरडी, हवेशीर, कुलूपबंद खोली पुरते आणि ती माणसांच्या खोलीपेक्षा कितीतरी स्वस्तात होते. गंधकाची पोती तर त्याच दिवशी हलवा. भुरी रोगासाठी आपण गंधक इतक्या सहज वापरतो की तो पेट घेतो हेच विसरतो. शेजारी चूल पेटत असेल आणि ठिणगी पोत्यावर गेली, तर ज्वाळेपेक्षा तिच्यातून निघणारा वायू बंद शेडमध्ये अधिक घातक ठरतो. झोपलेल्या माणसाला बाहेर पडायला एकच दार असेल आणि चूल त्याच दाराशी असेल, तर काय होईल याची कल्पना करावी. स्वयंपाकाला तीन बाजूंनी मोकळी, स्वतंत्र छपरी हवी.

रिकामे कॅन पाण्यासाठी वापरले जातात. कितीही सांगितले तरी वापरले जातात, कारण ते मजबूत असतात आणि त्यांना मूठ असते. औषध संपताच तीनदा धुऊन ते पाणी फवारणीच्याच टाकीत टाकावे आणि डब्याला भोक पाडावे. भोक पाडलेल्या डब्यातून कोणी पाणी आणत नाही. त्याऐवजी टोळीला स्वच्छ, झाकणाचे ड्रम स्वतःहून द्यावेत. बांधावर फवारणी चालू असताना मुले खोलीत नसतील किंवा दारे-खिडक्या बंद असतील, हे वाऱ्याची दिशा पाहून ठरवावे लागते. आदल्या संध्याकाळी मुकादमाला सांगितले तर जमते.

विजेबद्दल एकच सांगतो. शेतीपंपाच्या जोडणीवरून खोलीत दिवे आणि मोबाइल चार्जर लावणे हा विद्युत कायदा २००३ च्या दृष्टीने अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे उघड्या जोडाच्या वायरी पत्र्याला टेकतात. वेगळी घरगुती जोडणी घ्या आणि तिच्यावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारे बटण) बसवा.

शेततळ्याला चारही बाजूंनी जाळीचे कुंपण, कुलूपबंद फाटक, आणि आत चारही कोपऱ्यांत काठाला घट्ट बांधलेला गाठींचा दोर व टायरची ट्यूब. प्लास्टिकवरून पोहता येणारा मोठा माणूसही वर येऊ शकत नाही. त्या मुलीला पाइप मिळाला, हे नशीब. निफाडकरांनी कुंपण केले आहे, पण दोर आहेत का?

उत्तर ४: ग्रामीण भागातील आरोग्यसेविका

आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत छाटणीच्या दिवसांत टोळ्यांचे मुक्काम पडतात, त्यामुळे काही गोष्टी लिहिते. शेततळ्याचे किंवा ठिबकच्या टाकीचे पाणी पिण्यासाठी देऊ नका. विहिरीचे पाणी देत असाल तर साठवण टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नियमित टाकावी, आणि गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची चाचणी) करून घ्यावी. द्राक्षपट्ट्यातील विहिरींत खतांमुळे नायट्रेट वाढू शकते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, नायट्रेट उकळूनही कमी होत नाही आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक. वर्षातून एकदा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे अवघड नाही.

जमिनीवर झोपण्याची गोष्ट मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात, काहीतरी बाधले असेल. तोवर वेळ गेलेली असते. खाट किंवा उंच ओटा आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी यांमुळे हा धोका पुष्कळ कमी होतो. संशय आला तरी १०८ ला फोन करावा, मांत्रिकाकडे जाऊ नये. सर्पदंशावरचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत आणण्याची गरज नाही.

पेस्टविषयी बागायतदारही पुरेसे बोलत नाहीत. छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइड त्वचेतून शरीरात जाते. त्या दिवशी किंवा नंतरच्या काही दिवसांत दारू घेतली, तर चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, श्वास लागणे, रक्तदाब उतरणे असे गंभीर परिणाम होतात, आणि ‘जास्त झाली’ म्हणून त्या माणसाला झोपवून ठेवले जाते. मुक्कामाच्या जागी हातमोजे, साबण आणि अंघोळीला भरपूर पाणी असणे म्हणूनच चैन मानू नये. पेस्टचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. टोळी आली की आशा ताईला किंवा अंगणवाडी सेविकेला कळवा. गरोदर माता आणि लहान मुले यांची नोंद येथेही होते. पत्ता सुरगाण्याचा आहे म्हणून कोणी त्यांना परत पाठवू नये.

उत्तर ५: सुरगाण्याचा, आता नाशिकला शिकतो

निफाडकर काका, आपल्या खोल्यांत आमची माणसे का झोपली नाहीत, याविषयी थोडे लिहितो. मी लहानपणी आईवडिलांबरोबर द्राक्षांवर येत असे. आम्हाला मिळालेल्या खोलीला पत्रा होता, खिडकी नव्हती, आणि दाराला आतून कडी नव्हती. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत आत बसू देत नसे. कडी नसलेल्या खोलीत बायका झोपत नाहीत. बाहेर सगळ्यांसोबत झोपणे त्यांना अधिक सुरक्षित वाटते. ही सवय नव्हे. आमच्या गावी घरे कुडाची असली तरी त्यांना दार असते आणि आत गारवा असतो.

आईला सर्वांत जास्त त्रास अंघोळीचा होता. बागेच्या कडेला चार बांबू रोवून साडी गुंडाळायची आणि उजाडण्याआधी उरकायचे. शौचाला ओळींत जावे लागे, आणि त्याच ओळीत सकाळी माणसे कामाला येत. अमेरिकेचे आकडे चांगले आहेत, पण कोणी विचारलेच तर मी म्हणेन की पहिल्या वर्षी बायकांसाठी आतून कडी लागणारी न्हाणी आणि उजेड असलेले शौचालय बांधा, खोली दुसऱ्या वर्षी बांधली तरी चालेल. यावर वरील सल्लागारांचे मत वेगळे असू शकते.

शिमग्याविषयीही बोलतो. आमच्याकडे वर्षाचा सण तोच. हंगाम ठरवताना तारीख आधी धरली, तर निम्मी टोळी थांबते, निम्मी जाते. हे मुकादमाशी बोलून ठरते, न बोलता ठरत नाही. आणि उचल दिली म्हणून कोणाचे आधार कार्ड किंवा रेशन कार्ड मालकाने ठेवून घेऊ नये. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे दिंडोरीच्या दुकानातही धान्य मिळू शकते, पण कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक हाती असेल आणि दुकानदाराने नाही म्हटले नाही तर.

निफाडकर

कडीचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. खोल्यांची दारे बाहेरून कुलूप लावण्यासाठी केली होती, कारण हंगाम संपला की आम्ही तेथे कॅरेट ठेवतो. दोरही नाहीत.

दिंडोरीचा बागायतदार

सर्वांचे आभार. काल शेड मोजली: माणसांच्या बाजूला ६४० चौरस फूट आहेत, म्हणजे वरील मोजपट्टीने १२ जणांपुरती. औषधे आणि गंधक विहिरीपासून दूर असलेल्या जुन्या इंजिनघरात हलवतो आहे; त्याचे छप्पर गळते, ते आधी दुरुस्त करावे लागेल. शेजारच्या चौघांपैकी दोघांनी एकरी खर्च वाटून घेण्यास होकार दिला, एकाने मुकादमाला विचारा असे सांगितले, चौथे अजून बोललेले नाहीत. उरलेल्या १० जणांची सोय होकार दिलेल्यांपैकी एकाच्या पॅकहाऊसमध्ये होऊ शकते, पण तेथे पाण्याची टाकी नाही.

शेततळ्याचे कुंपण आणि दोन न्हाण्या छाटणीआधी होतील, कड्या आतून. शौचालयासाठी दोन शोषखड्डे काढायचे आहेत. जागा निवडली ती झोपण्याच्या खोलीपासून १०० फुटांपेक्षा दूर आहे, परंतु शेजाऱ्याची विहीर तेथून साधारण ४० फुटांवर येते आणि जमीन मुरमाड आहे. सल्लागारांनी किंवा आरोग्यसेविका ताईंनी कृपया सांगावे, ही जागा चालेल की खड्डे बांधाच्या दुसऱ्या बाजूला न्यावेत?

आरोग्यसेविका

न्यावेत. मुरमाड जमिनीत पाणी लवकर झिरपते. विहिरीपासून किमान ५० फूट धरा, आणि उताराची दिशा पाहून खड्डे विहिरीच्या खालच्या अंगाला घ्या. खोदाई सुरू करण्याआधी उपकेंद्रात निरोप द्या, मी येऊन जागा पाहून जाईन.